जुना तंबोरा : दुरुस्त करावा कीं नाहीं ?

गाण्याची आवड असलेल्या पुष्कळ घरांत एखादा जुना तंबोरा गवसणींत गुंडाळलेला, कोपऱ्यांत उभा असतो. ज्याच्या गाण्याला त्याची साथ होती तो कंठ मिटला, आणि वाद्यहि मुकें झालें. पुढें केव्हां तरी घरांतील एखादी मुलगी गाणें शिकूं लागते, गवसणी उतरविली जाते, आणि तार छेडतांच गोड झंकाराऐवजीं खडखडाट ऐकूं येतो. अशा वेळीं प्रश्न पडतो, हा तंबोरा कारागिराकडे पाठवावा, कीं तोच पैसा नव्या वाद्याला लावावा ?

या प्रश्नाचें उत्तर वाद्याच्या वयावरून किंवा खरेदीच्या किमतीवरून मिळत नाहीं. तें बिघाड कोठें आहे यावरून मिळतें. तंबोऱ्याचे कांहीं भाग झिजण्यासाठींच असतात : तारा, तारेखालीं सरकविलेला सुताचा दोरा, खुंट्या आणि घोडीचा माथा. भोपळा, तबली, दांडी आणि त्यांना जोडणारा गळा हा मात्र त्याचा देह होय. पहिल्या वर्गांतील बिघाडाची दुरुस्ती ही दुरुस्ती नव्हेच. ती नित्याची निगा आहे, आणि तिच्याबद्दल विचार करीत बसण्याचें कारण नाहीं.

बहुतेक तंबोऱ्यांचा आवाज बिघडतो तो घोडीवर. घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला अगदीं सूक्ष्म उतार दिलेला असतो. कांपणारी तार त्या उतारावर क्षणोक्षणीं टेकते व सुटते, आणि त्यामुळें मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे स्वरांशहि फुलतात. यालाच जवारी म्हणतात. तार ज्या बिंदूवर छेडली असतां जो स्वरांश तत्त्वतः उमटूं नये, तोहि तंबोऱ्यांत उमटतो, हें सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ च्या सुमारास दाखवून दिलें. तारांच्या घर्षणानें माथ्यावर खांचा पडल्या कीं हा उतार मोडतो व झंकार जातो. कुशल कारागीर कानशीनें माथा घासून जवारी पुन्हां काढतो. हें काम केसभर मापाचें असल्यानें घरीं करूं नये. तारा बदलणें आणि सरकणाऱ्या खुंटीला खडू लावणें, एवढें मात्र कोणालाहि जमतें.

देहाची परीक्षा दिवसाच्या उजेडांत करावी. खुंट्यांकडून घोडीकडे एका डोळ्यानें पाहिलें असतां दांडीचा बांक लपत नाहीं. घोडीखालची तबली खचली आहे काय, गळ्याचा सांधा उकलला आहे काय, भोपळ्याला किडीचीं बारीक छिद्रें आहेत काय, हें पाहावें. बोटानें हलकेंच टिचकी मारीत जावें. जेथें भरीव नादाऐवजीं फुटका आवाज येतो तेथें चीर किंवा सुटलेला सांधा असतो. सुटलेला सांधा वा भोपळ्याची लहान चीर सरसानें सांधतां येते. खचलेली तबली बदलतां येते, पण तबली बदलली कीं आवाजहि बदलतो. दांडी पिळवटली असेल आणि भोपळा किडीनें पोखरला असेल, तर तें वाद्य नव्यानें बनविण्यासारखेंच होय.

एक प्रश्न मात्र कारागिरापेक्षां घरानेंच सोडवावयाचा असतो : हा तंबोरा आतां कोण वाजविणार ? काळी एकच्या पुरुषी स्वराचा मोठा तंबोरा मुलीसाठीं काळी चारला मिळवूं गेल्यास त्याच तारांचा ताण सुमारें सव्वादोन पट होतो. बारीक तारा घेतल्यानें तबलीवरील भार हलका होतो. परंतु तारेची लांबी तीच असल्यानें ती तुटण्याची भीति कमी होत नाहीं. अशा घरीं उत्तम दुरुस्तीहि व्यर्थ जाते. तेथें मुलीसाठीं आंखूड दांडीचा दुसरा तंबोरा घ्यावा, आणि जुना त्याच्या स्वराच्या गायकाकडे जाऊं द्यावा.

महाराष्ट्रांत हें काम जाणणाऱ्यांचें गांव म्हणजे मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनीं तेथें या धंद्याचा पाया घातला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळे आणि तुणीचें लाकूड यांतून तेथील वाद्यें घडतात. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे.

कारागिराकडे गेल्यावर क्रम चुकवूं नये. प्रथम तारा बदलून जवारी काढून घ्यावी व वाद्य ऐकावें. त्या अल्प खर्चांत आवाज भरून आला, तरच सांध्यांच्या मोठ्या कामाला हात घालावा; रंगरोगण सर्वांत शेवटीं. जुन्या नक्षींत हस्तिदंत असल्यास ती तशीच राहूं द्यावी; त्याचा व्यापार आज कायद्यानें बंद असून नवा तुकडा बसविण्याचा आग्रह धरूं नये.

घराण्याची आठवण म्हणून जपावयाचा तंबोरा मुका असला तरी चालतो. त्यावर गवसणी घालून, कोरड्या जागीं, तारा सैल करून ठेवणें पुरेसें आहे. दुरुस्तीचा खर्च मात्र त्याच तंबोऱ्यावर करावा, ज्याच्या तारांवर रोज कोणाचीं तरी बोटें फिरणार आहेत.