काचपेटीतील वनस्पती आणि कर्बवायू

वर्तकनगरजवळच्या उपवन तलावाकाठी खेळलेल्या मुलांना पाणवनस्पती नवी नाही. तीच काचपेटीत लावली की पिवळी का पडते, असे मात्र ती वारंवार विचारतात. उत्तर बहुधा कर्बवायूत असते. हवेतून पाण्यात हा वायू लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम उतरतो, आणि हवेपेक्षा सुमारे १०,००० पट मंद गतीने पसरतो. तलावात तळाचा कुजणारा गाळ त्याची भरपाई करतो. धुतलेल्या वाळूच्या पेटीत ती होत नाही. म्हणून हौशी मंडळी सिलिंडरमधून, अथवा बाटलीत साखर व यीस्ट आंबवून, तो सूक्ष्म बुडबुड्यांनी पाण्यात सोडतात. प्रमाण लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅम पुरे.

पाण्यातील पाने केवळ उजेडातच प्राणवायू सोडतात, हे यान इंगेनहाउस यांनी १७७९ साली मांडले. अंधारात वनस्पती कर्बवायू घेत नाही, उलट बाहेर टाकते. यीस्टची बाटली मात्र रात्रभर चालूच राहते. एका सकाळी माझ्या पेटीतील गप्पी मासे पृष्ठभागाशी तोंडे उघडून धापा टाकीत होते. पाण्यातच कर्बवायू साचला, तर कल्ल्यांवाटे रक्तातील कर्बवायू बाहेर पडत नाही. प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. अर्धे पाणी बदलले, तरी तीन मासे गेले. चूक सर्वस्वी माझीच. आता दिवे मालविण्यापूर्वी नळी पेटीबाहेर काढतो (बाटलीचे तोंड कधीही बंद करू नये, ती फुटते) आणि हवेचा पंप लावतो.

नवशिक्याने हायड्रिला किंवा वॅलिसनेरिया लावावी. या वनस्पती पाण्यातील बायकार्बोनेटमधूनही कर्ब मिळवितात. त्यांना बाटलीची गरज नाही.