वार्धक्यातील अज्ञातहेतुक पांडुता : लोहकल्प देण्यापूर्वीचा विचार

सत्तरी ओलांडलेल्या रुग्णाची तक्रार पुष्कळदा फार मोठी नसते. जिना चढताना दम लागतो, अन्नावर वासना नाही, उभे राहताना क्षणभर अंधारी येते. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन साडेदहा-अकराच्या आसपास आढळते. ‘वयोमानानुसार इतके कमी असायचेच’ असे म्हणून वैद्य पुनर्नवा मंडूर लिहून देतात. काही वेळा तर चिकित्सेवाचूनच रुग्णाचा मुलगा दुकानातून लोहासवाची बाटली घेऊन जातो. या प्रघाताचा पुनर्विचार व्हावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार पुरुषांत १३ व स्त्रियांत १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे पांडुता. वृद्धांसाठी या संघटनेने निराळी सवलत ठेवलेली नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणाच्या आधारे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५ वर्षांवरील सुमारे दहा टक्के व्यक्तींत पांडुता आढळली. त्यांपैकी साधारण एक-तृतीयांशांत लोह, फोलिक अॅसिड वा बी-१२ यांची न्यूनता होती. एक-तृतीयांशांत वृक्कविकार अथवा जीर्ण शोथ होता. उरलेल्या एक-तृतीयांशांत कोणतेही कारण सापडले नाही. ‘अज्ञातहेतुक’ ही संज्ञा या तिसऱ्या गटाची. आपल्याकडील आहार, कृमी व दारिद्र्य पाहता हे प्रमाण येथे तसेच्या तसे लागू करता येणार नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी : ही संज्ञा शोध संपल्यावर लावायची आहे, शोधाऐवजी नव्हे.

हा शोध टाळल्यास काय घडते? बृहदंत्राच्या उजव्या भागातील अर्बुदातून महिनोन्महिने अल्प प्रमाणात रक्त झिरपत राहते. पोट दुखत नाही, मलप्रवृत्तीत बदल जाणवत नाही. दिसते ती केवळ पांडुता. अशा रुग्णाला लोहकल्प दिल्यास हिमोग्लोबिन थोडे वाढतेही. रुग्ण समाधानी, वैद्य समाधानी, आणि शस्त्रकर्मसाध्य व्याधी आतल्या आत असाध्यतेकडे वाटचाल करतो. त्यातच लोहामुळे मल काळा होतो व रक्तस्रावाची खूण झाकली जाते. डांबरासारखा चिकट, दुर्गंधी मल लोहाचा नव्हे, रक्ताचा समजावा. लोहकल्प सुरू करण्यापूर्वीच मलाचा वर्ण विचारून टिपून ठेवावा. पुरुषांत व रजोनिवृत्त स्त्रियांत लोहन्यूनता सिद्ध झाली, की रक्त कोठून जाते हे पाहणे क्रमप्राप्त आहे. त्यासाठी दुर्बिणीच्या तपासणीकडे रुग्ण पाठविण्यात वैद्याला कमीपणा नाही.

प्राथमिक तपासण्या महागड्या नाहीत. संपूर्ण रक्तगणना, रक्तपेशींचे सरासरी आकारमान, काचपट्टीवरील परीक्षण, फेरिटिन, बी-१२, क्रिएटिनिन, थायरॉइड व मलातील गुप्तरक्त एवढ्याने बहुतेक चित्र उलगडते. फेरिटिन ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर लोहन्यूनता जवळजवळ निश्चित. परंतु शोथ असल्यास ते खोटे वाढलेले दिसते, तेव्हा शंभरपर्यंतचा आकडाही निःशंक मानू नये. पेशी लहान, फेरिटिन उत्तम आणि पांडुता तरुणपणापासूनची असेल, तर थॅलेसिमियाचा वाहक आठवावा. सिंधी, लोहाणा समाजांत तो विशेष आढळतो आणि त्याला लोहाची गरज नसते. उलट पेशी मोठ्या, बी-१२ पुरेसे व जोडीला श्वेतकण किंवा बिंबाणू कमी असल्यास मज्जेच्या विकाराची शंका घेऊन रक्तरोगतज्ज्ञाकडे धाडावे.

येथे औषधविक्रेत्यांचे साहाय्य मोलाचे ठरते. वृद्धाच्या औषधांच्या पिशवीत पुष्कळ उत्तरे असतात. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक, हृदयासाठी अॅस्पिरिन : रक्तस्राव. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन : बी-१२ ची न्यूनता. आम्लपित्तासाठी रोजचे ओमेप्राझोल : लोह व बी-१२ दोहोंचे अपुरे शोषण. लोहकल्प मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला हे तीन प्रश्न विचारण्यास दोन मिनिटे पुरतात.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सोळाव्या अध्यायात पांडूचे वर्णन करताना क्षार, अम्ल, लवण यांच्या अतिसेवनाबरोबर चिंता, भय, शोक हेही हेतू सांगितले आहेत. मृद्भक्षणजन्य प्रकार तर त्यांनी स्वतंत्र मानला. वृद्ध स्त्रियांना माती, खडू वा कच्चे तांदूळ खाण्याविषयी आजही विचारून पाहावे. लाजेमुळे त्या आपण होऊन सांगत नाहीत. सूत्रस्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात पांडुत्वाची गणना रसप्रदोषज विकारांत आहे. म्हणजे रक्त उणे दिसले तरी दृष्टी प्रथम अग्नी व रस यांकडे जावी, हा या मांडणीचा इत्यर्थ.

जीर्ण शोथात हेप्सिडिन नावाचे द्रव्य यकृतातून अधिक स्रवते व साठ्यातील लोह अडवून धरते. भांडार भरलेले, पण दाराला कुलूप. हे वाचून ‘हेप्सिडिन म्हणजे आम’ असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकाला ती घाई वाटते. मात्र एवढे निश्चित, की अशा रुग्णात आणखी लोह ओतल्याने कार्य साधत नाही. मूळ शोथाचीच चिकित्सा करावी लागते.

सर्व तपासण्यांनंतरही कारण न सापडलेल्या, हिमोग्लोबिन स्थिर असलेल्या रुग्णात दीपन-पाचन, आवळा, मनुका, डाळिंब, घरचे ताजे ताक, जेवणाबरोबरचा चहा बंद आणि दर तीन महिन्यांनी रक्तगणना हा मार्ग श्रेयस्कर. आकडा एकदम खाली आला, वजन घटले वा ज्वर राहू लागला, तर शोध पुन्हा पहिल्यापासून.

लोहन्यूनता सिद्ध असेल तेथे नवायस लोह, धात्री लोह, मंडूर यांना स्थान आहेच. पुनर्नवा मंडुरात त्रिवृत् व दंती आहेत हे मात्र विसरू नये. मूत्रल गोळ्या घेणाऱ्या कृश वृद्धाला चार पातळ जुलाबही ग्लानी आणतात. महिन्याभराने हिमोग्लोबिन एक ग्रॅमनेही वाढले नाही, तर मात्रा वाढविण्याऐवजी निदान तपासावे.

शेवटी भस्मांविषयी. २००४ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा वा आर्सेनिक सापडले. शिसे स्वतःच पांडुता उत्पन्न करते. वारितर, रेखापूर्ण, अपुनर्भव या परीक्षा भस्म सिद्ध झाले की नाही हे सांगतात. त्यात शिसे मिसळले आहे की नाही हे सांगत नाहीत. म्हणून लोहभस्म व मंडूरभस्म खरेदी करताना प्रत्येक घाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल उत्पादकाकडून मागून घ्यावा, आणि तो न देणाऱ्याचा माल दुकानात ठेवू नये.