पोट्टिपाटींच्या घरी मुक्काम

मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. फूटपाथवर शेवंतीचे ढीग, मोगऱ्याचे आणि अबोलीचे गजरे. फुलवाली माळ मोजते ती कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, आणि त्या मापाला कानडीत ‘मोळ’ म्हणतात. केळीची पानं, विड्याची पानं, सोललेले नारळ, पितळी समया, रेशमी परकर अशी सगळी गर्दी मागे टाकून मी चौथ्या मेनकडे वळलो, आणि रस्ता एकाएकी गप्प झाला. एका कंपाउंडाच्या आत थोराड झाडं होती. त्यांच्या मागे कमानींचं एक जुनं घर, दिवे लागलेलं. या घरात मला दोन रात्री राहायचं होतं.

घराचं नाव व्हिला पोट्टिपाटी. पोट्टिपाटी हे मूळचं आंध्रातलं कुटुंब, आणि बंगळूरमधलं हे त्यांचं बागेतलं घर. माझा मुक्काम काही वर्षांपूर्वीचा. तेव्हा नीमराणा हॉटेल्स ही संस्था ते चालवत असे. मोजक्या खोल्या, कमानीदार दारं, चार खांबांचे पलंग आणि त्यांवर गोधडीसारख्या टाचलेल्या रजया. बागेत एक तलाव होता, पण एवढासाच, चार हात मारले की पलीकडची कड लागावी असा. बंगळूरच्या मोठ्या हॉटेलांपुढे ही जागा म्हणजे काहीच नाही. मला मात्र या शहराची ओळख इथे झाली. आधी कामानिमित्त सात-आठ वेळा येऊन काचेच्या इमारतींत राहून गेलो होतो, तेव्हा ती झाली नव्हती.

हे घर ज्या वस्तीत आहे तिची जन्मकथा मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग उतरला. पुढच्या वर्षी पुण्यात त्याच प्लेगच्या बंदोबस्तातून रँडचा खून झाला आणि त्यासाठी पुढे चापेकर बंधू फासावर गेले. १८९८ मध्ये साथ बंगळूरला पोचली. जुन्या पेठांतल्या अरुंद गल्ल्यांत माणसं पटापट मेली. मुंबईत त्याच वर्षी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि पुढे दादर-माटुंगा आखलं गेलं. बंगळूरमध्ये पेठेच्या उत्तरेला मल्लेश्वरम आणि दक्षिणेला बसवनगुडी या आखीव वसाहती भरू लागल्या. सरळ मेन रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे क्रॉस, प्रत्येक घराभोवती मोकळी जागा आणि घरांच्या पाठीमागून जाणारे अरुंद बोळ. हे बोळ संडास साफ करणाऱ्यांसाठी होते. पुढचा रस्ता घरच्यांचा आणि मागचा बोळ मैला वाहणाऱ्यांचा, अशी ही आखणी होती. मल्लेश्वरमचं कौतुक करताना तिच्यातली ही फाळणी विसरून चालणार नाही. काही बोळ अजून आहेत. त्यांत आता स्कूटर लावलेल्या असतात आणि कुंड्यांत तुळस असते.

वस्तीचं नाव मात्र प्लेगपेक्षा बरंच जुनं आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे मी काडु मल्लेश्वराच्या देवळात गेलो. काडु म्हणजे रान, तेव्हा हा रानातला मल्लेश्वर. इथे १६६९ सालचा एक शिलालेख आहे. मेदरनिंगनहळ्ळी नावाचं गाव या देवाला इनाम दिल्याची त्यात नोंद आहे, आणि इनाम देणारा आहे एकोजी भोसले, म्हणजे व्यंकोजीराजे, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. १६३८ मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. शहाजीराजांची पुढची बरीच वर्षं या मुलखात गेली. १६६४ मध्ये त्यांना मरण आलं तेही कर्नाटकातच, होदिगेरेला. शाळेत आपण हे चार ओळींत वाचतो आणि पुढे तोरणा-पुरंदरकडे वळतो. घंटा वाजत असताना, ओल्या दगडी फरशीवर उभं राहून त्या नोंदीचा विचार करताना मला फार जवळचं काही भेटल्यासारखं झालं. देवळातून बाहेर आलो आणि ज्या रस्त्याने चहाला गेलो त्याचं नाव संपिगे रोड. संपिगे म्हणजे आपला सोनचाफा.

आता घराकडे येऊ. जुनं घर अंगावर येत नाही, ते सावकाश कळत जातं. मला पहिल्यांदा कळली ती हवा. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे, तरी एप्रिलची दुपार तिथेही तापते. माझ्या खोलीत पंखा मंद फिरत होता आणि तेवढं पुरत होतं. जाड भिंती, उंच छत, आणि खिडकीपुढे थेट ऊन न येऊ देणारी झाडं. या शहरातले जुने गवंडी हेच करत आले. कॅन्टोन्मेंटच्या बंगल्यांवर याचं आणखी एक रूप दिसतं. खिडकीवर लाकडी पट्ट्यांची, टोकदार माथ्याची झापड असते, तिला इथे ‘मंकी टॉप’ म्हणतात. पाऊस आणि ऊन अडतं, वारा खेळता राहतो. नावाबद्दल लोक दोन गोष्टी सांगतात, कोणी म्हणतं माकडं त्यावर बसत, कोणी म्हणतं माकडं आत येऊ नयेत म्हणून ती केली. जॅनेट पॉट या बाईंनी बंगळूरच्या जुन्या बंगल्यांवर १९७७ मध्ये पुस्तक काढलं. त्यांनी जे टिपलं त्यातलं किती उरलं आहे, हे शहरातून फिरताना डोळ्यांना दिसतं.

छतांची गोष्ट तर मुद्दाम सांगायला हवी. या भागातल्या जुन्या घरांवर एक तर मंगळुरी कौलं असतात, नाही तर मद्रास टेरेस. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, आणि ती कौलं आपल्या कोकणातही घरोघर पोचली, त्यामुळे त्यांची ओळख नको. मद्रास टेरेस म्हणजे सपाट छत, पण त्यात स्लॅब नाही. सागवानी तुळया आणि वासे टाकायचे. त्यांवर बोटभर जाडीच्या छोट्या विटा कडेवर उभ्या करून चुन्यात तिरप्या ओळींनी बसवायच्या. चुना पकडला की विटा एकमेकींना आवळून धरतात. वरून विटांच्या तुकड्यांचा आणि चुन्याचा थर देऊन तो लाकडी थाप्यांनी दिवसचे दिवस बडवायचा, शेवटी पातळ फरशी. चुन्यात हिरड्याचं आणि गुळाचं पाणी घालत. मुक्कामात एका सकाळी शेजारच्या क्रॉसवर एका घराच्या छताची दुरुस्ती चालली होती. मालकांनी वर बोलावलं. उघडं पडलेलं छत खालून पाहिलं तर वाश्यांमध्ये त्या तिरप्या विटा माशाच्या खवल्यांसारख्या दिसत होत्या. म्हातारा गवंडी एकेक वीट बोटाने वाजवून बघत होता. खणखणीत आवाज आला की पुढे जायचा. बद्द आवाज आला की खडूने फुली. असे कान असलेले गवंडी आता किती राहिलेत, हे मालकांनी न विचारताच सांगितलं. त्यांना हा माणूस शोधायला चार महिने लागले होते.

त्याच घरात खाली तांबडा कोबा होता. सिमेंटात काव म्हणजे लोहाचा तांबडा रंग मिसळून तो एका दमात घालतात, कारण मध्ये थांबलं तर सांधा दिसतो. मग ओला असतानाच लोखंडी थापीने घोटत बसायचं, मनगट मोडेपर्यंत. पुढची चमक कारागिराची नसते. ती रोज पुसणाऱ्या हातांची आणि चालणाऱ्या पायांची असते. वापरातली खोली आरशासारखी आणि बंद ठेवलेली खोली निस्तेज, हे त्या एकाच घरात मी शेजारीशेजारी पाहिलं. जुन्या घराला हॉटेल करावं की नाही या वादात माझं मत तिथेच बनलं. घराला वावर लागतो. कुलूप लावून जपलेलं घर आतून मरतं. कोकणात, देशावर अशी कुलूपबंद घरं मी डझनांनी पाहिली आहेत. आधी वाळवी येते, मग कौल सरकतं, मग एका पावसात भिंत बसते.

पण घराचं हॉटेल करणं सोपं नाही. सगळ्यात मोठी अडचण न्हाणीघराची. जुन्या घरात न्हाणी मागच्या अंगाला असे, तांब्याचा हंडा चुलीवर तापत असे, आणि संडास त्याहून मागे, बोळाच्या कडेला. आजच्या पाहुण्याला प्रत्येक खोलीला लागून न्हाणीघर हवं. ते कुठून आणायचं? खोली चिरली तर खोलीचं माप बिघडतं आणि कमान अर्ध्यात कापली जाते. पाण्याचा नळ चुन्याच्या भिंतीत घातला तर ओल वर चढते. चांगला माणूस कपडे बदलायची खोली किंवा कोठीची खोली शोधतो आणि मोठी दालनं तशीच ठेवतो. वाईट काम कसं असतं तेही मी पाहिलं आहे. दुसऱ्या एका शहरात ‘हेरिटेज’ पाटी लावलेल्या घरात राहिलो होतो. तिथे चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवून वर चकचकीत रंग दिला होता. आतली ओल कोंडली आणि रंगाने फुगे धरले. छताला खोटं छत, त्यात बारके दिवे. जुनं घर होतं म्हणायला फक्त दर्शनी भिंत उरली होती. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या नियमांप्रमाणे हेरिटेज हॉटेलसाठी इमारत १९५० पूर्वीची असावी लागते आणि किमान पाच खोल्या असाव्या लागतात. वय आणि खोल्या मोजता येतात. भिंतीला श्वास घेता येतो का, हे मोजायला तो छतावरचा गवंडीच हवा.

मग लोक या खटाटोपात का पडतात? कारण दुसऱ्या वाटा याहून वाईट आहेत. आजोबांचं घर, तीन मुलगे, दोन मुली, सात नातवंडं, त्यांतली चार परदेशात. मल्लेश्वरममध्ये जमिनीला जो भाव आहे त्यापुढे घराची किंमत शून्य, उलट पाडायचा खर्च वजा. बिल्डर प्रत्येकाला एकेक फ्लॅट देऊ करतो, आणि तो घेतला म्हणून कुणाला दोषही देता येत नाही. पुण्यात वाड्यांचं झालं ते याहून वेगळं, पण शेवट तोच. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालकाला डागडुजी परवडेना, भाडेकरू हलेना, आणि वाडा पडायची वाट बघत दोघं एकाच छताखाली म्हातारे झाले. हॉटेल ही तिसरी वाट. आठ खोल्यांचं घर धरा. वर्षभर एकही खोली रिकामी राहिली नाही तरी २,९२० भाड्याच्या रात्री होतात, आणि तसं कधी होत नाही. तेवढ्यात माळी, स्वयंपाकी, गवंडी, छत आणि कर हे सगळं भागवायचं. फार पैसा सुटत नाही. घर मात्र उभं राहतं, आणि एकाच मालकीत राहतं.

नीमराणाचे अमन नाथ आणि फ्रान्सिस वाक्झियार्ग यांनी ही वाट देशात बऱ्यापैकी रुळवली. राजस्थानातला पडका नीमराणा किल्ला १९८६ मध्ये घेतला आणि १९९१ मध्ये थोड्या खोल्यांनी सुरुवात केली. महाराष्ट्रातल्या वाचकाला त्यांचं काम माथेरानला दिसलं असेल. तिथल्या बार हाउस या जुन्या बंगल्यात, रानातल्या लांबलचक व्हरांड्यात, त्यांनी तशीच उतरायची सोय केली. खुद्द बंगळूरमध्ये ही परंपरा जुनीच म्हणायची. आज वीस एकरांत पसरलेलं वेस्ट एंड हॉटेल १८८७ मध्ये मिसेस ब्रॉन्सन नावाच्या बाईंच्या दहा खोल्यांच्या बोर्डिंग हाउसमधून उगवलं. घरात पाहुणे ठेवणं, एवढीच ती कल्पना होती.

पोट्टिपाटींच्या घरी ती कल्पना तशीच शाबूत होती. रात्री फाटकातून उशिरा आत आलो तर वाढणाऱ्या काकांनी विचारलं, “ऊट आयता?” म्हणजे जेवण झालं का. कानडी घरात शिरताना पहिला प्रश्न हाच असतो. नाही म्हटलं तर भात आणि सारू गरम करून आणलं. मेन्यूचं कार्ड आणलं नाही. व्हरांड्यात बसून मी ते जेवलो. बागेत अंधार होता, पलीकडच्या इमारतीतून कुणाच्या तरी वीणेचा रियाज येत होता, पुन्हापुन्हा तोच एक तुकडा.

निघायच्या दिवशी सकाळी फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभा होतो. हातात दुधाची पिशवी घेतलेले एक वृद्ध गृहस्थ थांबले. कुठून आलात, किती दिवस होतात, असं इंग्रजीत विचारलं. मग म्हणाले, त्यांचंही असंच घर होतं, दोन क्रॉस पुढे. आता तिथे चार मजली इमारत आहे आणि ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. इमारतीला वडिलांचं नाव दिलं आहे. या घरासमोरून पन्नास वर्षं रोज जातात, पण आत कधी गेले नाहीत. मी म्हटलं, चला ना. काकांनीही मान डोलावून बोलावलं. व्हरांड्याच्या पायरीशी आल्यावर त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि चपला काढल्या. दोन दिवसांत कुणा पाहुण्याला तिथे चपला काढताना मी पाहिलं नव्हतं. मग अनवाणी, जपून, भिंतीला एक हात लावत ते आत गेले.