जस्त विरघळवत धावणारी गाडी

1929 साली आयर्लंडमध्ये शॅनन नदीवर आर्डनाक्रुशाचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. देशाची स्वतःची वीज आली, पण रेल्वे मात्र बाहेरून आणलेल्या कोळशावरच चालत होती. साऱ्या मार्गावर तारा ओढायच्या तर खर्च डोक्यावरून जाणारा. डब्लिनचे रसायनशास्त्रज्ञ डॉ. जेम्स ड्रम यांनी दुसरी वाट काढली: वीज गाडीच्या पोटातच भरून न्यायची.

बॅटरीवरच्या गाड्या जर्मनीत आधीपासून होत्या, पण त्यांच्यात शिशाच्या बॅटऱ्या. त्या भरायला तासन् तास लागतात. दिवसभर ये-जा करणाऱ्या उपनगरी गाडीला एवढी उसंत कुठली? ड्रम यांचं सगळं लक्ष या एका अडचणीवर होतं.

त्यांच्या घटात एका बाजूला निकेलच्या ऑक्साइडची पट्टी, दुसऱ्या बाजूला निकेलची जाळी आणि मध्ये कॉस्टिक पोटॅशचं द्रावण. या द्रावणातच जस्त विरघळलेलं असे. बाहेरून वीज सोडली की ते द्रावणातून निघून पातेल्याला कल्हई चढावी तसं जाळीवर चढे. गाडी चालू लागली की तेच जस्त पुन्हा द्रावणात उतरे आणि उतरताना वीज देई. घटाचा अंतर्गत रोध कमी असल्यामुळे मोठा प्रवाह झटकन घेता येई आणि झटकन देताही येई. एका घटाचा दाब जेमतेम पावणेदोन-दोन व्होल्ट. म्हणून डब्यांच्या तळाशी 272 घट एकापुढे एक जोडले होते. सगळ्यांचा मिळून दाब सुमारे 500 व्होल्ट.

2 डिसेंबर 1931 रोजी दोन डब्यांची पहिली गाडी चाचणीसाठी डब्लिनहून ब्रेपर्यंत धावली आणि पुढच्या वर्षी प्रवाशांच्या सेवेत आली. मार्ग निवडला होता तो विचारपूर्वक. समुद्रकाठचं अंतर वीसेक किलोमीटर, स्थानकं जवळजवळ, आणि चार्जिंगची सोय दोन्ही टोकांना: डब्लिनचं एमिएन्स स्ट्रीट आणि ब्रे. गाडी टोकाला पोचली, प्रवासी उतरले-चढले, तेवढ्या मुक्कामात बॅटरीला वीज मिळे. सतत थांबून सुटणाऱ्या गाडीला सुटताना जोर लागतो, आणि मोठा प्रवाह देणारी ही बॅटरी तिथे कामाला येई. उतारावर तर मोटारीच जनित्र होऊन थोडी वीज बॅटरीत परत टाकत. 1930च्या दशकात ही किमया रोजच्या लोकलमध्ये चालू होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

1939 साली आणखी दोन गाड्या आल्या. पहिली आणि तिच्यामागून आलेली दुसरी धरून एकूण चार झाल्या. पाठोपाठ महायुद्ध सुरू झालं, कोळसा मिळेनासा झाला, वाफेच्या गाड्या एकामागून एक बंद पडू लागल्या. ड्रम गाड्या मात्र नदीच्या विजेवर धावत राहिल्या. त्यांची खरी किंमत त्या वर्षांत कळली.

घटाचा गुण तोच त्याचा दोषही होता. विरघळलेलं जस्त दर वेळी जाळीवर सारखं बसत नाही. कुठे थर जाड होतो, कुठे पातळ. कुठे सुईसारखे कोंब फुटतात आणि समोरच्या पट्टीला टेकले तर घट निकामी होतो. अशा शेकडो घटांची निगा राखणं खर्चाचं होतं. बॅटऱ्या झिजत गेल्या, नव्या बसवणं परवडेना, आणि तोवर डिझेलचा पर्यायही समोर आला होता. 1949 साली गाड्या सेवेतून काढल्या. बॅटऱ्या उतरवून डबे इंजिनामागे जोडले गेले. याच किनारी मार्गावर पुढे 1984 साली विजेच्या लोकल सुरू झाल्या, त्या डोक्यावरच्या तारेवर चालणाऱ्या.