यादीत प्राणवायूसुद्धा

जागतिक आरोग्य संघटनेची अत्यावश्यक औषधांची यादी उघडली की पहिल्याच विभागात थबकायला होतं. तिथे औषध म्हणून चक्क प्राणवायू आहे! भूल देताना लागतो म्हणून तो यादीत आधीपासून होताच. २०१७ मध्ये रक्तातला प्राणवायू घटलेल्या रुग्णाचं औषध म्हणूनही त्याची नोंद झाली. पुढे मॉर्फिन, इन्शुलिन, साप चावल्यावर द्यायचं प्रतिविष, लोहाच्या गोळ्या. आणि मध्येच एका जागी मीठ-साखरेची पुडी, तीही मापासकट: साधं मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, सायट्रेट २.९. एकूण साडेवीस ग्रॅम, एक लिटर पाण्यात.

हीच आपली जलसंजीवनी. तिच्यामागचं गुपित मला आजही थक्क करतं. पटकीत आतडं पाणी शोषायचं सोडून उलट बाहेर टाकू लागतं. नुसतं मीठपाणी पाजलं तर तेही वाहून जातं. पण आतड्याच्या पेशींत एक दार असं आहे, की ते मीठ आणि ग्लुकोज जोडीने आले तरच उघडतं, आणि या जोडीमागोमाग पाणीही आत जातं. पटकी हे दार बंद करू शकत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी असंच मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवून रुग्णांना पाजायला लावलं. पाजणारे बहुतेक रुग्णांचेच नातेवाईक होते. मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. अशी पुडी आणि कर्करोगावरची महागडी इंजेक्शनं आज एकाच यादीत शेजारी नांदतात, कारण तिथे औषधाला मूळ प्रश्न हाच असतो: लोकांच्या मुख्य आजारांवर तुझा गुण येतो का, आणि त्याचा पुरावा आहे का?

पहिली यादी १९७७ ची. नावं जेमतेम दोनशेच्या आसपास. बाजारात तेव्हाही औषधांच्या हजारो ब्रँडची गर्दी होती, आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या गरीब देशांचे तुटपुंजे पैसे त्या गर्दीत वाटून संपत होते. थोडकीच औषधं निवडा, पण ती कधी कमी पडू देऊ नका, हा यादीचा सांगावा होता. दर दोन वर्षांनी ती नव्याने तपासली जाते. २०२५ च्या यादीत ५२३ औषधं आहेत. भारताची राष्ट्रीय यादी १९९६ मध्ये आली. २०२२ च्या आवृत्तीत ३८४ औषधं आहेत, आणि ती करताना ३४ नवी घेतली तशी २६ जुनी काढूनही टाकली. मला या काढून टाकण्याचं मोल जास्त वाटतं. नवं औषध घ्या म्हणणारे पुष्कळ भेटतात. जुनं काढायला मात्र हिंमत लागते.

पण कागदावरचं नाव आरोग्य केंद्राच्या फडताळात पोचतं कसं? यासाठी तमिळनाडूकडे बघावं. तिथे १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी सरकारी महामंडळ स्थापन झालं. त्याने मोजक्या औषधांची यादी केली, ब्रँडचं नाव न बघता मूळ औषधाच्या नावाने निविदा काढल्या आणि साऱ्या राज्याची गरज एकत्र करून खरेदी केली. नावं कमी म्हणून प्रत्येकाची मागणी प्रचंड, आणि मागणी प्रचंड म्हणून भाव उतरलेला. आलेल्या मालाचे नमुने कंपनीचं नाव झाकून, नुसता सांकेतिक क्रमांक घालून प्रयोगशाळेत जातात, म्हणजे तपासणाऱ्याला कळतच नाही की गोळी कोणाची आहे.

त्याहून सुंदर गोष्ट म्हणजे पासबुक. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखं एक पासबुक. त्यात वर्षभराची रक्कम जमा, आणि जिल्ह्याच्या गोदामातून औषधं उचलली की तेवढी वजा. ज्या भागात सर्पदंश जास्त, तिथला डॉक्टर प्रतिविष जास्त उचलेल. काय हवं ते राजधानीतल्या साहेबाने नाही, रुग्ण पाहणाऱ्याने ठरवायचं. पुढे इतर राज्यांनी ही वाट धरली. महाराष्ट्राने औषधखरेदीसाठी वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा २०२३ मध्ये केला.

आणि औषध गुणकारी असूनही परवडतच नसेल तर? एड्सच्या बाबतीत हा प्रश्न जगापुढे उभा ठाकला. तीन औषधं एकत्र दिली की माणूस जगतो, हे १९९६ पासून माहीत होतं. पण वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर. यादीत ही औषधं होती ती आईकडून बाळाला लागण होऊ नये एवढ्यापुरतीच. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधावर नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट मिळे. त्यामुळे इथले कारखाने तेच औषध दुसऱ्या पद्धतीने बनवू शकत. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तिन्ही औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. दिवसाला एक डॉलरसुद्धा नाही! पुढच्याच वर्षी जागतिक यादीत एड्सच्या उपचाराची औषधं दाखल झाली आणि नियमही बदलला: केवळ महाग आहे म्हणून कुठलंही औषध यादीबाहेर ठेवायचं नाही. तोवर परवडतं ते अत्यावश्यक, असा हिशेब होता. आता अत्यावश्यक आहे ना, मग ते परवडेल असं करा, असा तो उलटला.

आज जगात तीन कोटींहून जास्त लोक ही औषधं घेतात. त्यांतल्या बहुतेकांसाठी तिन्ही औषधं मिळून एकच गोळी असते, दिवसातून एकदा. यादीत तिला एक ओळ पुरते.