खेळाचा उत्तरभाग आणि रसिकांचा रोष

पूर्वभाग लोकप्रिय झाला कीं उत्तरभागाच्या कर्त्याची कसोटी लागते. मग तें नाटक असो वा हल्लींचा व्हिडिओ गेम. जपानांतील निन्टेंडो कंपनीची 'झेल्डा' ही खेळमाला आमच्या नातवंडांमुळें आम्हांस परिचित झाली. २००० सालीं कंपनीनें दाखविलेल्या नमुन्यांत तिचा नायक लिंक हुबेहूब माणसासारखा होता; पुढल्याच वर्षीं तो व्यंगचित्रांतील बालकासारखा दिसूं लागला. रसिक खवळले! २००२ सालीं जपानांत निघालेल्या त्या 'विंड वेकर' खेळाचें रूप पुष्कळांस खुपलें. आमच्या मतें खरें वैगुण्य निराळेंच होतें. घाईपायीं कोड्यांनीं भरलेलीं कांहीं भुयारें कर्त्यांनीं गाळलीं, आणि अखेरीस समुद्रांतून तुकडे वेंचीत हिंडण्याचा कंटाळवाणा भाग खेळणारांच्या गळ्यांत पडला. रोष मात्र चेहऱ्यावर!

तो रोष, विशेषतः अमेरिकेंतला, जाणून पुढील 'ट्वायलाइट प्रिन्सेस' गंभीर व वास्तव रूपांत घडविला. त्यावर हात फिरविण्यासाठीं २००५ सालचें वचन मोडून तो २००६ सालीं काढला. हा विलंब आम्हांस स्तुत्य वाटतो. २०१३ सालीं 'विंड वेकर'ची सुधारलेली आवृत्ति निघाली. तींत नायकाचा तो बालिश चेहरा कायम आहे. समुद्रांतली वणवण तेवढी पुष्कळ कमी केली आहे.