‘स्वतंत्र’ कादंबरीकार : हरिभाऊंच्या लेखणीचा आणि पोटापाण्याचा हिशोब

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ‘स्वतंत्र कादंबरी’ असे शब्द आढळतात. आजच्या वाचकाला त्यातून बंधनमुक्त लेखकाचे चित्र दिसेल. पण त्या काळी अर्थ साधा होता. ही कादंबरी भाषांतरित नाही, रूपांतरितही नाही, एवढेच ते सांगणे. लेखक स्वतंत्र आहे की नाही, हा प्रश्न कोणी विचारत नव्हते. हरि नारायण आपटे यांच्याबाबतीत मात्र तो विचारण्याजोगा आहे, कारण स्वातंत्र्याचे हे दोन्ही अर्थ त्यांच्या आयुष्यात एकमेकांत गुंतलेले दिसतात.

हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ 1885 मध्ये ‘पुणे वैभव’मध्ये येऊ लागली. तिच्यावर रेनॉल्ड्सची छाया आहे, म्हणजे जुन्या अर्थाने ती पुरती स्वतंत्र नव्हे. लेखक एकविशीतला, आणि पत्र दुसऱ्याचे. पुढे 1890 मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले. केसरी-सुधारकांनी निबंधांतून जे समाजाच्या गळी उतरवायचे, ते घरच्या मंडळींपर्यंत गोष्टींतून न्यावे, ही त्यामागची कल्पना. संपादक आपण, कादंबरीकारही आपण. काय छापायचे आणि किती लांबवायचे, हे ठरवणारा दुसरा कोणी उरला नाही. नव्या अर्थाचे स्वातंत्र्य ते हेच.

पण साप्ताहिक हा मोठा खादाड मालक असतो. अंक ठरल्या दिवशी निघायलाच हवा. प्रकरण सुचले नाही ही सबब वर्गणीदाराला चालत नाही. पहिल्याच वर्षी हरिभाऊ दोन कादंबऱ्या एकाच वेळी चालवत होते : ‘पण लक्षात कोण घेतो’ आणि मेडोज टेलरच्या टिपूवरील कादंबरीवर बेतलेली ‘म्हैसूरचा वाघ’. पहिली 1893 पर्यंत चालली व पूर्ण झाली. दुसरी अर्धीच राहिली. ‘गणपतराव’, ‘आजच’, ‘मायेचा बाजार’, ‘कर्मयोग’ याही अपुऱ्याच. समीक्षकांनी या अपूर्णतेला पुष्कळदा स्वभावदोष मानले आहे. मला ते पटत नाही. एकटा माणूस अंकाची पाने भरतो तेव्हा काही गोष्टी हातून सुटायच्याच. पुस्तक म्हणून आधी सलग लिहून मग छापायची सवड ज्याला आहे, त्याचा मापदंड इथे कसा लावणार?

हप्त्यांचा परिणाम कादंबरीच्या अंगावरही दिसतो. ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये यमू आपली हकिगत स्वतःच सांगते; मध्येच थांबते, पुन्हा मागचे आठवते, ‘हे आधी सांगायचे राहिले’ अशा वळणाने जाते. आठवड्याच्या अंतराने वाचणाऱ्याला मागचा धागा हाती देण्यासाठी अशी पुनरुक्ती लागतेच. हरिभाऊंनी ती एका बाईच्या बोलण्याच्या लकबीत मुरवली. तांत्रिक अडचण तिथे आवाज होऊन गेली. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे यश हे. ‘उषःकाल’सारख्या ऐतिहासिक कादंबरीत तसे होत नाही; तिथे निवेदक वाचकाला हाताला धरून मागचे दालन पुन्हा दाखवतो आणि गोष्ट ऐसपैस पसरते.

आता पोटापाण्याचे. महाविद्यालयात हरिभाऊंना गणित आडवे आले आणि पदवी राहिली. त्यामुळे सरकारी नोकरीची नेहमीची वाट त्यांच्यासाठी अवघड झाली. चुलते महादेव चिमणाजी आपटे मुंबईतले नामांकित वकील. त्यांनी 1888 मध्ये पुण्यात आनंदाश्रम स्थापन केला. संस्कृत पोथ्या जमवायच्या, सांभाळायच्या, शोधून छापायच्या, हे त्या संस्थेचे काम. तिची व्यवस्था हरिभाऊंकडे आली. आप्पा बळवंत चौकाजवळच्या त्या वास्तूने मराठी कादंबरीला जे दिले, त्याची नोंद कादंबरीच्या इतिहासात फारशी सापडत नाही. विधवेच्या केशवपनाने व्याकूळ करणारी गोष्ट लिहिणाऱ्या लेखकाचा संसार स्मृती-पुराणांच्या पोथ्या राखणाऱ्या संस्थेच्या आधाराने चालावा, यातला विरोधाभास गमतीचा आहे. पण हरिभाऊंना तो बोचला असेल असे मला वाटत नाही. त्यांचा सुधारकपणा घर मोडणाऱ्याचा नव्हता.

या आधारामुळेच ‘करमणूक’ वर्गणीदारांच्या मर्जीपुढे वाकली नाही. बालविवाह, सासुरवास, केशवपन हे विषय घरात वाचायच्या पत्रात आणायचे, तर काही वर्गणीदार गमावण्याची तयारी हवी; आणि चूल केवळ त्या वर्गणीवर पेटत असती, तर ती तयारी किती टिकली असती, सांगवत नाही. किंमत दुसरीकडे मोजावी लागली, ती वेळात. आनंदाश्रम, साप्ताहिक, पुण्याची नगरपालिका (तिचे ते अध्यक्षही झाले), प्लेगच्या काळातली धावपळ; कादंबरीला उरले ते मधले तास. 1912 मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले तेव्हाही ते एका कामाचे गृहस्थ नव्हते.

पुढच्या पिढीत ना. सी. फडके प्राध्यापकी करत लिहिते राहिले, वि. स. खांडेकरांनी 1920 ते 1938 शिरोड्याच्या शाळेत शिकवले आणि मग चित्रपटकथांसाठी कोल्हापूर गाठले. अखंड, भरघोस लिहिण्याची वाट बाबूराव अर्नाळकरांसारख्यांनी धरली. त्यांच्या रहस्यकथांची संख्या हजारापलीकडे गेली. हरिभाऊंची शेवटची पूर्ण कादंबरी ‘वज्राघात’, विजयनगरच्या नाशाची. 1919 च्या मार्चमध्ये ते गेले.